लातूर आणि नांदेड, एकाच चार्जरवर

आईचा जुना बटणांचा फोन ज्वारीबरोबर दळला गेला, तिथून हे सगळं सुरू झालं.

माझी आई अहमदपूरला पिठाची गिरणी चालवते. गिरणी वडिलांनी टाकलेली. ते गेले तेव्हा आम्हा दोघा भावंडांना वाटलं, आता आई गिरणी विकेल आणि आमच्यापैकी कुणाकडे तरी राहायला येईल. दादा लातूरला खत-बियाण्यांच्या दुकानात आहे आणि मी नांदेडला एका शाळेत गणित शिकवते. अहमदपूर दोघांच्या अगदी मधे, त्यामुळे आईनं कुणाकडे यावं यावर आमची हळू आवाजात चर्चाही झाली होती. आईनं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गिरणीचं शटर वर केलं, डोक्याला फडकं बांधलं आणि समोर आलेल्या पहिल्या बाईला विचारलं, "बारीक का जाडं?" आमची चर्चा तिथंच संपली.

तर फोन. तो ती कमरेला खोचायची. त्या दिवशी शेजारच्या तलाठीकाकांचा ज्वारीचा डबा गिरणीच्या तोंडात ओतताना ती जरा जास्त वाकली आणि फोन सरळ ज्वारीच्या मागोमाग आत गेला. खटखटखट असा आवाज आला. आईनं लगेच मोटर बंद केली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तलाठीकाका निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांची पंचनाम्याची सवय गेलेली नाही. त्यांनी पीठ चाळणीनं चाळलं आणि दोन तुकडे तळहातावर घेऊन म्हणाले, "वहिनी, पाच आणि आठ सापडलेत. बाकीचे आकडे कुठं हायेत?"

आईनं त्यांना घरची ज्वारी दळून दिली आणि त्यांच्याच फोनवरून मला फोन केला.

"माझा फोन दळला," ती म्हणाली.

"कुणाचं दळण?"

"दळण न्हाई गं, फोन! फोन दळला!"

मला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मी म्हणाले, आता स्मार्टफोनच घेऊ. आईनं आढेवेढे घेतले नाहीत. तिच्याकडे दळण आणणाऱ्या बचत गटाच्या बायका सगळे निरोप व्हॉट्सॲपवर पाठवायच्या. ते आईला दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी कळायचे, आणि तोवर बायका तिच्यावर रुसलेल्या असायच्या. "घ्या," ती म्हणाली, "पण लई महागाचा नको. ह्या पिठात त्याचं काय खरं न्हाई."

मी रात्रीच्या जेवणाआधी दादाला फोन केला. तो म्हणाला, मी बघतो. मी म्हणाले, मी बघते. दादा यूट्यूबवर फोनचे व्हिडिओ बघूनच जणू पदवीधर झालाय. स्वतःचा फोन चार वर्षं जुना, पण बाजारात आलेला प्रत्येक फोन त्याला आतून-बाहेरून पाठ. मी व्हिडिओ बघत नाही. मी रकाने आखते. एका पाठकोऱ्या कागदावर मी सतरा ओळी पाडल्या: प्रोसेसर, रॅम, बॅटरी, कॅमेरा, पडदा, वजन, असं सगळं. एका बाजूला दादानं सुचवलेला फोन, दुसऱ्या बाजूला मला आवडलेला. भरून झाल्यावर बघितलं तर सतरापैकी चौदा ओळींत दोन्हीकडे तेच लिहिलेलं. प्रोसेसर तोच, बॅटरी तेवढीच, किंमत जवळजवळ तीच. कंपन्या मात्र वेगळ्या.

मी दादाला हे सांगितलं.

"मग बघ! प्रोसेसर तोच आहे. तर माझाच घेऊ."

"तोच आहे ना? मग माझा घ्यायला काय झालं?"

"तुझ्यात आवाज गाळायची सोय नाही. माझ्यात दोन माइक आहेत. गिरणीचा गोंगाट पलीकडे जाणारच नाही."

हे खरं होतं. माझ्या कागदावर त्या ओळीत माझ्या फोनपुढे उणे होतं. पण माझ्या फोनला बॉक्समध्ये चार्जर होता, दादाच्याला नव्हता. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वाद पाऊण तास चालला. लहानपणी सायकलच्या पुढच्या दांडीवर कुणी बसायचं यावरून आम्ही एवढं भांडल्याचं आठवतं, त्यानंतर हेच. शेवटी तह झाला. दुसऱ्या शनिवारी दोघांनी अहमदपूरला जायचं, आईला दोन्ही फोनचे फोटो दाखवायचे, तिला विचारायचं आणि मगच घ्यायचा. तोवर कुणीही काही विकत घ्यायचं नाही.

तह मी मोडला. मोडायचा असं ठरवलं नव्हतं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी नांदेडच्या वजिराबाद बाजारात फोन फक्त हातात घेऊन बघायला गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा शेवटचा पीस." मी गणिताची शिक्षिका आहे. दुकानामागच्या खोलीत आणखी खोके असू शकतात एवढं मला कळायला हवं होतं. पण शेवटचा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दादाचा जिंकलेला चेहरा आला आणि मी फोन घेऊन टाकला.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघाले. लोहा गाव मागं पडल्यावर मनात वाक्यं जुळवायला लागले, की दादा, ऑफर संपत होती, म्हणून घ्यावाच लागला. अहमदपूरच्या स्टँडवर उतरले तर दादाची लातूरची गाडी आधीच येऊन लागलेली. तो रसवंतीपाशी उभा होता आणि त्याच्या हातात एक कागदी पिशवी होती. त्यानं माझ्या हातातली पिशवी बघितली. मी त्याची बघितली.

"गंजगोलाईतल्या दुकानात शेवटचाच पीस राहिला होता," दादा म्हणाला.

दोघं चालत गिरणीवर गेलो.

आई दळणात होती. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. तिनं मोटर बंद केली, हात पदराला पुसले आणि आमच्यापुढचे दोन खोके बघितले.

"दोन कशाला?" तिनं विचारलं. "एक डाव्या कानाला अन् एक उजव्या?"

आम्ही दोघं एकदम बोलायला लागलो. दादा माइकबद्दल, मी चार्जरबद्दल. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन्ही खोके उघडायला लावले. दादाच्या खोक्यातून वायर निघाली, भिंतीत घालायची डबी निघाली नाही. दादा सांगायला लागला, की आता जगभर असंच असतं, कचरा कमी व्हावा म्हणून कंपन्या देत नाहीत.

"वायर दिली अन् डबी न्हाई," आई म्हणाली. "म्हंजे दोर दिला अन् बादली दिली न्हाई."

कंपन्यांची नावं तिला सांगून उपयोग नव्हता. दोन्ही इंग्रजी, दोन्ही सारखीच ऐकू येणारी. तिनं स्वतःच सोय करून घेतली. हा लातूरचा, हा नांदेडचा. संध्याकाळपर्यंत त्यातला 'चा' गळून पडला आणि आई शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "लातूर चार्जिंगला लावलंय, ते निघालं की नांदेड लावते."

पहिली अडचण बोटाच्या ठशाची आली. फोन बोट ठेवून उघडतो हे दादानं मोठ्या कौतुकानं दाखवलं. आईनं लातूरवर अंगठा ठेवला. फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. हात धुऊन आली, पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. मला मनातून आनंद झाला. मग नांदेडवर ठेवला, तर त्यानंही तेच सांगितलं. एकेक करत दहाही बोटं झाली. दोन्ही फोनांना आई पटेना.

"जाऊ दे," ती म्हणाली. "रेशनच्या मशीनला बी माझा अंगठा पटत न्हाई. दरवेळी दुकानदार म्हणतो, मावशी, हात चोळा."

मी तिचा हात हातात घेऊन बोटं बघितली. पुढची कातडी गुळगुळीत झाली होती, वापरलेल्या वरवंट्यासारखी. पीठ जाडं आलं का बारीक हे ती इतकी वर्षं अंगठा आणि बोटात चोळूनच बघत आली आहे. एवढ्या वेळा आम्ही दोघं या घरी येऊन गेलो, जेवलो, तिच्या हातचं खाल्लं, पण ही बोटं कधी बघितली नव्हती. दादाही वाकून बघत होता. मग तो म्हणाला, "माझ्या फोनचा सेन्सर बाजूला आहे, थोडा दाबून धरला तर..."

"गप रे," आई आणि मी एकदम म्हणालो.

चार आकड्यांचा पासवर्ड ठेवायचं ठरलं. आई म्हणाली, गिरणीच्या मीटरवरचे शेवटचे चार ठेव. मी म्हणाले, "अगं, रीडिंग रोज बदलतं."

"रीडिंग न्हाई, मीटरचा नंबर. मला काय येडी समजून राहिली का?"

निर्णय आईनं तिथल्या तिथे घेतला नाही. तिच्याकडे नवीन गिऱ्हाईक आलं की ती आधी पसाभर दाणे दळून दाखवते, मग डबा घेते. फोनचंही तसंच. ती म्हणाली, दोन्ही ठेवा, वापरून बघते, जो आवडंल तो ठेवते, दुसरा ज्याचा त्यानं न्यावा. दुकानदार परत घेतील का, असं आम्ही विचारलं तर म्हणाली, ते तुमचं तुम्ही बघा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं आधी घ्यायला?

सिमकार्ड एकच, जुन्याच नंबरचं नवीन काढलेलं. ते काढायची टाचणी पहिल्याच दिवशी हरवली, पण आईच्या बांगडीत सेफ्टी पिन कायम असते. तिनं पिनेचं टोक भोकात घातलं, टक् करून कार्डाचा ट्रे बाहेर. आधी आठ-आठ दिवसांची पाळी ठरली होती. चौथ्या दिवसापासून ती मनाला येईल तेव्हा सिम बदलायला लागली. सकाळी लातूर, दुपारी नांदेड.

मग रोजचे अहवाल सुरू झाले. तिचा फोन आला की आधी मी विचारायची, "कशावरून बोलतेयस?" ती म्हणाली नांदेडवरून, की मला बरं वाटायचं. लातूरवरून म्हणाली, की मी उगाच त्यातला आवाज फाटतोय असं सांगायची. दादाही तेच करत होता, हे मला नंतर कळलं.

माझ्या फोननं पहिल्याच आठवड्यात मान खाली घालायला लावली. तो न उघडताच पडद्यावर जाहिराती दाखवायचा. एका सकाळी आईचा फोन.

"ह्यो तुझा नांदेड मला म्हणतो, केस काळे करा."

"जाहिरात असते गं ती."

"ह्याला कुणी सांगितलं माझे केस पांढरे झालेत? ते केस न्हाईत, पीठ हाय."

जाहिराती बंद कशा करायच्या ते मी तिला फोनवरून सांगत बसले. कुठं जायचं, काय दाबायचं, अर्धा तास गेला. तोवर तिनं दादालाही सांगितलंच होतं. त्याचा मला मेसेज आला. त्यात शब्द नव्हते, नुसती हसणारी तोंडं होती, ओळभर.

पण त्याचाही दिवस आला. आईनं लातूरवर बचत गटाच्या बायकांबरोबर फोटो काढला आणि मला पाठवला. फोटोत सगळ्या बायका एकाच वयाच्या दिसत होत्या, पंचविशीच्या. दादाच्या फोननं सगळ्यांच्या सुरकुत्या परस्पर पुसून टाकल्या होत्या. आई म्हणाली, "फोटो चांगला आला, पण ह्यातली मी कोणती ते शोधावं लागतंय." मी दादाला ओळभर हसणारी तोंडं पाठवली.

एका बाबतीत मात्र दोन्ही फोन सारखेच निघाले. बोललेलं लिहून घेणं. आईला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून दादानं तिला बोलून लिहायला शिकवलं होतं. तिनं गटाच्या अध्यक्षबाईंना निरोप पाठवला, "दळण झालं, घेऊन जा." फोननं लिहिलं, "दर्शन झालं, घेऊन जा." अध्यक्षबाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि दळण न्यायला कुणीच आलं नाही. दुसऱ्या फोनवर बोलून बघितलं, तरी दर्शनच. संध्याकाळी अध्यक्षबाई स्वतः आल्या आणि त्यांनी विचारलं, "ताई, कुठं गेला होता हो दर्शनाला? सांगितलं असतं तर आम्ही बी आलो असतो."

असं करत महिना उलटला. या महिन्यात मी दोनदा अहमदपूरला गेले, दादा दोनदा आला. एरवी आम्ही सणावारालाच भेटायचो. एका रविवारी स्टँडकडे चालत जाताना माझ्या एकदम डोक्यात प्रकाश पडला आणि मी रस्त्यातच थांबले.

"दादा, आई मुद्दाम लांबवतेय."

"काय?"

"तिला कुठला फोन घ्यायचा ते कधीच ठरलं असेल. पण ठरवलं असं सांगितलं की आपण येणार नाही, रोज फोन करणार नाही. म्हणून ती सांगत नाही."

दादा मनानं फार हळवा आहे, दुकानात कुणाचं पीक गेलं असं ऐकलं तरी त्याला जेवण जात नाही. त्यानं रुमाल काढून नाक पुसलं. "आपण चुकलोच," तो म्हणाला. मग आम्ही तिथंच, भेळेच्या गाड्याशेजारी उभं राहून ठरवलं, की फोनचं काहीही होवो, महिन्यातून दोनदा यायचंच. हे आईला आत्ताच सांगू, म्हणून एसटी सोडून परत गिरणीवर गेलो. दादानं तिला जवळ घेऊन, घोगऱ्या आवाजात सगळं सांगितलं.

आईनं पदरानं कपाळावरचं पीठ पुसलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?" ती म्हणाली. "मला खरंच ठरवता येईना. दोन्ही सारखेच हायेत मेले. अन् यायचं तर या, घर तुमचंच हाय, पर रविवारी येऊ नका. रविवारी लई गिऱ्हाईक असतंय अन् तुम्ही आलं की मला स्वयंपाकाला घरी जावं लागतंय."

पुढच्या एसटीची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो. मग दादाला हसू फुटलं, आणि तो हसला म्हणून मलाही.

दिवाळीच्या आधी मला सुट्टी लागली आणि मी आठ दिवस आईकडे राहिले. गिरणीवर भाजणीची रांग लागलेली. त्यात आईला मोटरचा आवाज वेगळा यायला लागला. मला काही वेगळं वाटत नव्हतं, मला नुसती घरघर ऐकू येत होती. आई मात्र हात थांबवून, मान तिरकी करून ऐकायची. "खर्र करतंय मधी मधी," ती म्हणाली. गिरणीचा मिस्त्री उदगीरचा. दिवाळीमुळे त्याला दोन दिवस सवड नव्हती. तो म्हणाला, मोटर चालू करून फोन जवळ धरा, ऐकून सांगतो.

त्या वेळी सिम लातूरमध्ये होतं. आईनं फोन मोटरपाशी नेला.

"बाई, मोटर चालू करा," फोनच्या स्पीकरवरून मिस्त्री म्हणाला.

"चालूच हाय!"

"न्हाई हो. मला काहीच ऐकू येईना. तुम्ही देवघरात बसून बोलल्यावानी येतंय."

आईनं फोन आणखी जवळ नेला. मिस्त्रीला आईचा श्वास ऐकू आला, मागं उभ्या असलेल्या बाईंचा खोकला ऐकू आला, पण मोटर नाही. दादाचे ते दोन माइक अख्खी गिरणी गाळून टाकत होते. रांगेतल्या बायका बघायला पुढे सरकल्या. माझ्या लक्षात आलं आणि मी ओरडले, "आई, नांदेड!" आईनं बांगडीतून सेफ्टी पिन काढली, उभ्या उभ्या सिम बदललं, पुन्हा नंबर लावला आणि नांदेड मोटरपुढे धरला.

पलीकडे मिस्त्रीनं क्षणभर ऐकलं. मग तो घाईनं म्हणाला, "हौदू, हौदू. बंद करा. आत्ता बंद करा." उदगीरकडची माणसं 'होय' म्हणायला मधेच हा कानडी शब्द वापरतात. "बेअरिंग गेलंय. आणखी तासभर चालवली असती तर मोटर जळाली असती. मी उद्या सकाळी बेअरिंग घेऊनच येतो."

मिस्त्री आला, बेअरिंग बदललं, दुपारपर्यंत रांग पुन्हा सुरू झाली. मी दादाला फोन केला. ज्या ओळीत माझ्या फोनपुढे उणे होतं ते खोडून मी अधिक केलंय, असं त्याला सांगितलं.

"बेअरिंग काय रोज जातं?" दादा म्हणाला. "लोक रोज बोलतात."

यावरचं उत्तर आईकडे होतं, पण ते तिनं भाऊबीजेपर्यंत सांगितलं नाही.

भाऊबीजेला दादा आला. वहिनी आणि मुलं माहेरी गेली होती, त्यामुळे आम्ही तिघंच होतो. फराळाच्या ताटावर आई सहज म्हणाली, "मी नांदेड ठेवते."

दादाचा हात चकलीवरच थांबला. "बेअरिंगमुळं?"

"बेअरिंगचं न्हाई. लातूरवर बोललं की लोकांना वाटतंय मी रिकामी बसलीय. तुझी मावशी जळकोटहून पाऊण तास सुनेचं सांगत बसली. मी हां हां करून राहिले अन् इकडं एकाचा गहू भरडा निघाला. नांदेडवर बोललं की तिला गिरणी ऐकू येती. मग तीच म्हणती, ठेवते गं बाई, तू कामात हाइस."

"म्हणजे माझा फोन चांगला आहे म्हणून नको?"

"चांगलाच हाय रे," आई म्हणाली. "लई चांगला हाय. मला इतका चांगला नगं."

मी जिंकले होते, पण असं जिंकण्यात काही मजा नव्हती. महिनाभर मी प्रोसेसर, बॅटरी, चार्जर यांच्यावरून भांडले आणि माझा फोन निवडला गेला तो त्यातल्या एका खोटीमुळे. दादा लाडवाचे तुकडे करत बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता, आणि ते मला बघवेना. मी म्हणाले, "लातूर तू वापर की. तुझा जुना झालाय."

"न्हाई," आई मधेच म्हणाली. "त्याला त्याचा पुरतो. तुझा दाखव."

मी माझा फोन पुढे केला. त्याच्या काचेला वर्षभरापासून तडे गेलेले, एक कोपरा काळा पडलेला. दुसऱ्यांचे फोन निवडण्यात मी इतकी गुंतले होते, की माझा स्वतःचा फोन बदलायचा आहे हे मला सुचलंच नव्हतं. आईनं तो दादाला दाखवला आणि म्हणाली, "ओवाळणी काय आणलीस?"

"पाकिट आणलंय."

"पाकिट ठेव खिशात. लातूर घाल ताटात."

मी पाट मांडला, दादाला कुंकू लावलं, ओवाळलं. दादानं लातूर पुसून पुसून ताटात ठेवलं. त्या फोनची मी महिनाभर नालस्ती केली होती. त्याचा आवाज फाटतो म्हणाले होते, तो खोटे फोटो काढतो म्हणाले होते, चार्जर नाही म्हणून त्याला भिकारी म्हणाले होते. आता तो ताटातल्या कुंकवाचं बोट लागून माझ्यासमोर होता आणि दादाचे डोळे चमकत होते.

"डबी नाही बरं का त्यात," तो म्हणाला. "दोर आहे, बादली नाही."

"माहितीय," मी म्हणाले आणि उचलून घेतला.

दादा आता दर आठवड्याला फोन करून विचारतो, कसा चाललाय. मी म्हणते, ठीक. खरं तर फारच छान चाललाय. बॅटरी दोन दिवस पुरते. मधल्या सुट्टीत पोरं मैदानावर कितीही ओरडू देत, पलीकडच्या माणसाला माझा शब्द न् शब्द ऐकू जातो. पालक विचारतात, मॅडम, आज शाळेला सुट्टी आहे का? पण दादाला मी ठीक एवढंच सांगते.

नांदेडचा गुण मात्र मला उशिरा कळला. तो मावशीसाठी आणि बोलत बसणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आहे, अशी माझी समजूत होती. दिवाळीनंतर मी एकदा शाळेतून येता येता आईला सहज फोन लावला. पलीकडून गिरणीची घरघर आली, त्यातून आईचा आवाज, "काय गं?" मी ओरडून सांगितलं, काही नाही, असाच केला. तिनं ओरडून विचारलं, काय? मी पुन्हा सांगितलं. घरघर चालूच. शेवटी मीच म्हणाले, "राहू दे, ठेवते, तू कामात आहेस."

"हाव, ठेव," आई लगेच म्हणाली. तिनं ठेवलादेखील.

आता मी दुपारी दोनला करते. तिकडं त्या वेळी वीज जाते आणि गिरणी बंद असते. आई पोत्याला टेकून बसते आणि मग तीच बोलत राहते. तलाठीकाकांचा गुडघा, अध्यक्षबाईंच्या मुलीचं लग्न, मावशीची सून, सगळं. कधी कधी माझा पुढचा तास सुरू व्हायची वेळ होते आणि मला सांगावं लागतं, आई, घंटा झाली. तिला घंटा ऐकू येत नाही. माझ्या फोनमधून ती जातच नाही. म्हणून ती म्हणते, "कुठं झाली? बस की जरा."